नाक वर, वजन मागे

गॅसर गाडीचा फोटो पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ही गाडी कुठेतरी आपटून वाकडी झाली असावी. पुढची चाकं हडकुळी, मागची दांडगी. बोनेट आभाळाकडे, डिकी जमिनीलगत. पुढच्या मडगार्डांखालून एक्झॉस्टचे नळ बाहेर आलेले, दारावर सोनेरी अक्षरांत मालकाचं, मेकॅनिकचं, कधी एखाद्या पेट्रोल पंपाचं नाव. कुणीतरी दिसायला भारी म्हणून हे सगळं केलं असणार, असा समज होतो आणि आजच्या नकला पाहून तो पक्काही होतो. मूळ गाड्यांमध्ये मात्र यातली जवळपास प्रत्येक गोष्ट एका कारणासाठी होती. पाव मैलाच्या सरळ पट्टीवर समोरच्याच्या आधी पोचायचं होतं, आणि तेही खिशातल्या पैशांत आणि त्या वर्षीच्या नियमपुस्तकात बसवून. कारण समजलं नाही तर नक्कल फसते. अमेरिकेतल्या १९५५ ते १९६७ या काळातल्या ड्रॅग शर्यतींच्या गाड्या आज काळाबरहुकूम कशा उभ्या करायच्या आणि त्यासाठी कुठलं मॉडेल निवडायचं, हा या पुस्तकाचा विषय. म्हणून प्रस्तावनेत रंगापेक्षा कारणांबद्दलच जास्त बोलणार आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं मोहावी वाळवंटातल्या मुरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांवर जुन्या फोर्ड पळवत होती. तिथल्या क्लबांची संघटना १९३७ मध्ये उभी राहिली. तळ्यावर मोजायचे तो कमाल वेग, आणि त्याला मैलोन्‌मैल मोकळी जागा लागते. युद्ध संपलं. इंजिनं उघडायला आणि वेल्डिंग करायला लष्करात शिकलेले तरुण घरी परतले आणि लष्कराला नको झालेल्या धावपट्ट्या ठिकठिकाणी रिकाम्या पडल्या. धावपट्टी आखूड, म्हणून शर्यतही आखूड झाली : थांबलेल्या दोन गाड्या, मध्ये उभा एक झेंडेवाला, समोर १,३२० फूट. सँटा आना इथल्या विमानतळावर सी. जे. हार्ट यांनी १९५० मध्ये तिकीट लावून अशा शर्यती भरवायला सुरुवात केली. ‘हॉट रॉड’ हे मासिक १९४८ पासून निघत होतं. त्याचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. रात्री सार्वजनिक रस्त्यांवर जीव धोक्यात घालणारी पोरं पट्टीवर आणायची, हा त्यामागचा हेतू. या संस्थेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्सस राज्यात ग्रेट बेंडला भरली. पावसाने तिची इतकी दैना केली की उरलेल्या फेऱ्या ॲरिझोनात नेऊन उरकाव्या लागल्या.

पार्क्स यांच्या संस्थेने केलेलं टिकाऊ काम म्हणजे वर्गवारी. पट्टीवर कुणीही काहीही आणेल, मग कोण कुणाशी लढणार? साध्या पेट्रोलवर पळणाऱ्या, मडगार्ड आणि दिवे शाबूत असलेल्या बंद गाड्यांसाठी गॅस वर्ग केले गेले. त्यांत पळणारी गाडी ती गॅसर. वर्ग ठरवायचं गणित चौथीच्या मुलालाही जमेल असं होतं : गाडीचं वजन पाउंडात, भागिले इंजिनाची क्षमता क्युबिक इंचांत. २,८३० पाउंडांच्या गाडीत २८३ क्युबिक इंचांचं शेव्हरोले इंजिन असेल तर उत्तर १०. त्याच गाडीत ३२७ चं इंजिन बसवलं तर उत्तर साडेआठच्या जरा वर येतं, आणि गाडी थेट वरच्या, जास्त तगड्या वर्गात जाऊ शकते. वर्गांच्या सीमा वर्षागणिक सरकत होत्या, म्हणून ज्या सालाची गाडी बांधायची त्याच सालाचं नियमपुस्तक समोर हवं. वर्ग ठरला की खिडकीवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने तो लिहून टाकायचे. जुन्या फोटोंत दिसणारी ती वेडीवाकडी अक्षरं म्हणजे गाडीची जातकुळीच.

या गणितामुळे माणसं विचित्र वागायला लागली, आणि हा भाग मला फार आवडतो. काही जण पत्रा खरवडून, जाड काचा काढून, बंपर उतरवून एकेक पाउंड कमी करत होते. त्याच वेळी दुसरे डिकीत ट्रकची बॅटरी ठेवून गाडी मुद्दाम जड करत होते. दोघंही शहाणेच. जो वजन घटवत होता त्याला वेग हवा होता. जो वाढवत होता त्याला खालच्या वर्गात उतरायचं होतं, वर वाढलेलं वजन मागच्या चाकांवर पडेल अशीही सोय करायची होती.

आता वर गेलेल्या नाकाकडे येऊ. थांबलेली गाडी झटक्यात निघते तेव्हा तिचं वजन मागच्या चाकांकडे सरकतं. किती सरकेल हे मुख्यतः दोन मापांवर ठरतं : गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर किती कमी. १९५०च्या दशकाच्या अखेरचे शर्यतीचे टायर आजच्या मानाने अरुंद आणि कडक होते. ताकद भरपूर, पकड नाही, अशी परिस्थिती. मागच्या टायरवर मिळेल तेवढं वजन टाकणं हाच उपाय होता. मग इंजिन वर उचललं, मागे सरकवलं. संस्थेने लगेच लगाम घातला : इंजिन चाकांच्या अंतराच्या दहा टक्क्यांहून जास्त मागे नको, आणि क्रँकशाफ्टचा मध्य जमिनीपासून २४ इंचांच्या वर नको. शंभर इंच अंतराच्या गाडीला दहा इंचांची मुभा, त्यापुढे नाही. आजचे कित्येक हौशी लोक गाडीचं नाक इतकं उचलतात की क्रँक तीस इंचांवर जाते. तशी गाडी १९६१ मध्ये तपासणीतच बाद झाली असती. टेप घेऊन एकदा मोजा, एवढंच माझं म्हणणं.

टायर सुधारत गेले तसं हे नाक खाली येत गेलं. मॅसॅच्युसेट्समधली एम अँड एच कंपनी शर्यतीसाठीच टायर बनवत होती आणि रबर वर्षागणिक मऊ आणि रुंद होत गेलं. टायर आपणच पकड देऊ लागल्यावर गाडी उंच ठेवण्यात फायदा उरला नाही, उलट पट्टीच्या शेवटी वाऱ्याचा तोटाच. त्यामुळे उंची पाहून साल ओळखता येतं. १९६१-६२ ची गाडी ताठ उभी, १९६६-६७ ची बरीच बसकी. ज्याने १९६७ चे रुंद टायर घालून १९६१ ची उंची ठेवली आहे, त्याने दोन वेगळ्या सालांचे अर्धे-अर्धे फोटो एकत्र चिकटवले आहेत.

नाक उचलण्याच्या या खटाटोपात पुढचा सगळा सांगाडा बदलला जायचा. मूळ गाडीचं पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन जड आणि गुंतागुंतीचं. ते कापून तिथे पाट्यांवर बसवलेला एक सरळ एक्सल घालायचे. पुढे फोर्डच्या इकोनोलाइन व्हॅनचा एक्सल यासाठी लोकप्रिय झाला, आजही जुना बाजार धुंडाळणारे तोच शोधतात. हे काम दिसतं सोपं; खरी मेख दोन ठिकाणी आहे. एक, किंगपिनचं वरचं टोक मागे झुकलेलं हवं. साधारण पाच ते सात अंशांचा हा कल नसेल तर ताशी ऐंशी मैलांवर गाडी दारू प्यायल्यासारखी दोन्ही कडेला भटकते. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पाचर घालून तो साधतात. दोन, स्टिअरिंगचा दांडा. पाटा दबला की एक्सल नुसता वर-खाली होत नाही, थोडा पुढे-मागेही सरकतो. दांडा त्याच कमानीत फिरत नसेल तर तुम्ही चक्र घट्ट धरलं असतानाही चाक आपोआप वळतं. या दोन गोष्टींवर पुस्तकात मी सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत, कारण रंग चुकला तर फक्त हसं होतं, इथे चुकलं तर माणूस जातो.

मग गाडी कुठली निवडायची? त्या काळाच्या पोरांनी जी निवडली, त्या निवडीत भावनेला फारशी जागा नव्हती. हलकी हवी, चाकांतलं अंतर कमी हवं, बोनेटखाली आठ सिलिंडरचं इंजिन मावेल अशी पोकळी हवी आणि भंगाराच्या भावात मिळायला हवी. या चारही अटींत विलीस बसली. टोलेडो, ओहायो इथल्या विलीस-ओव्हरलँड कंपनीच्या १९३३ ते १९४२ मधल्या या छोट्या गाड्या बाजारात फार चालल्या नव्हत्या. १९४१ च्या मॉडेलचं वजन हजार किलोंच्या आसपास, चाकांतलं अंतर १०४ इंच. १९३३ चं तर शंभरच. युद्धानंतर अशी जुनी विलीस कुणालाच नको होती, आणि नेमकी तीच गॅस वर्गाची राणी झाली. फ्रेड स्टोन, टिम वूड्स आणि डग कुक यांच्या संघाची विलीस, ‘बिग जॉन’ मॅझमॅनियन यांची लालभडक विलीस, डेटनच्या जॉर्ज मॉन्टगोमेरी यांची १९३३ ची विलीस, या गाड्यांच्या लढती पट्टीवर जेवढ्या झाल्या तेवढ्याच मासिकांतल्या जाहिरातींतही. इंजिनाचे कॅम बनवणाऱ्या कंपन्या एकमेकींना पानभर जाहिरातींतून टोमणे मारायच्या आणि वाचक पुढच्या अंकाची वाट पाहायचे. स्टोन आणि वूड्स कृष्णवर्णीय, कुक गोरे. अमेरिकेत वांशिक समतेचा लढा रस्त्यावर चालू असतानाच्या काळात त्यांचा संघ देशभर फिरून शर्यती करत होता. गॅसरवरच्या गप्पांत ही गोष्ट अनेकदा सांगायची राहून जाते, म्हणून इथे नोंदवतो.

विलीसशी आपलाही एक धागा आहे. १९४१ च्या कूपेतलं १३४ क्युबिक इंचांचं चार सिलिंडरचं इंजिनच लष्करी जीपमध्ये गेलं, आणि युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतलेली जीप ही याच विलीसची. सह्याद्रीच्या घाटांतून तालुक्याच्या साहेबांना घेऊन फिरलेल्या त्या जीपगाड्यांची ही थोरली बहीण. अमेरिकेत मात्र तिच्या अंगातलं ते गरीब इंजिन पहिल्याच दिवशी काढून कोपऱ्यात टाकलं जायचं.

दुसरी निवड इंग्लंडची. १९४८ ते १९५३ च्या फोर्ड अँग्लियाच्या चाकांत फक्त नव्वद इंचांचं अंतर, मूळ इंजिन ९३३ सीसी. त्यात सव्वापाच लिटरच्या वरचं शेव्हरोले बसवलं की जे होतं, त्याला मी धाडस म्हणायला कचरतो. अँग्लिया वेगवान, पण सरळ जाईल याची खात्री नाही. पहिली गाडी म्हणून तिच्या वाटेला जाऊ नका. तिसरी, हेन्री जे. कैसर-फ्रेझर कंपनीने १९५१ ते १९५४ या मॉडेल-वर्षांत स्वस्तातली गाडी म्हणून ही काढली. सुरुवातीच्या गाड्यांना काटकसर म्हणून डिकीचं झाकणसुद्धा नव्हतं. सामान आत ठेवायचं तर मागची सीट पाडायची. ग्राहकांनी नाक मुरडलं, शर्यतवाल्यांनी उचलली. अंतर शंभर इंच, पोकळी भरपूर.

आणि मग १९५५, ५६, ५७ च्या शेव्हरोले. या हलक्या नव्हेत, ३,१०० पाउंडांच्या घरातल्या. अंतरही ११५ इंच. पण एड कोल यांच्या देखरेखीखाली तयार झालेलं शेव्हरोलेचं नवं छोटं व्ही-८ इंजिन १९५५ मध्ये याच गाडीत आलं, आणि देशभर गल्लोगल्ली ही गाडी होती. विलीस ही मुरलेल्यांची गाडी, शेव्हरोले ही पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या पोराची. यात घ्यायची तर मधला खांब असलेली दोन दारांची सेदान. खांब नसलेली हार्डटॉप दिसायला देखणी असली तरी तिचं शरीर जास्त पिळतं, आणि शर्यतवाल्याला देखणेपणाचे गुण मिळत नव्हते.

कारखान्यांनी स्वतः बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांबद्दल या पुस्तकात एकच प्रकरण आहे, आणि ते जाणूनबुजून. फोर्डने १९६४ मध्ये फेअरलेनमध्ये ४२७ क्युबिक इंचांचं इंजिन कोंबून साधारण शंभर थंडरबोल्ट बनवल्या. १९६५ मध्ये डॉज आणि प्लिमथ यांनी मागचा एक्सल १५ इंच आणि पुढचा १० इंच पुढे सरकवून अशा गाड्या काढल्या की राष्ट्रीय संस्थेने त्यांना आपल्या वर्गांत घेतलं नाही. इतिहास म्हणून फार रंजक. पण खरी थंडरबोल्ट सापडली तर तिला पाना लावू नये, आणि खोटी बनवायची तर ती काय म्हणून बनवायची? गॅसरचं तसं नसतं. ती मुळातच एका साध्या माणसाने गॅरेजमध्ये जोडलेली वस्तू. आज तुम्ही जोडली तरी तिचा वंश मोडत नाही.

इथेच एक गंमत, किंवा शोकांतिका, होऊन बसली आहे. कुणाला नको म्हणून जिची निवड झाली, ती विलीस आज इतकी दुर्मीळ आणि महाग आहे की बाजारात दिसणाऱ्या बहुतेक ‘विलीस’ फायबरग्लासच्या साच्यातून निघालेल्या असतात. माझं मत स्पष्ट आहे. महागडं नाव विकत घेण्यापेक्षा त्या पोरांची रीत उचला. आजही ज्याला गिऱ्हाईक कमी आहे असं काहीतरी शोधा. १९६०-६३ ची फोर्ड फाल्कन, सुमारे २,४०० पाउंडांची. १९६२ ची शेव्ही टू, जिला कारखान्याने १९६४ पर्यंत आठ सिलिंडरचं इंजिन दिलंच नाही आणि मालकांनी मात्र आपणच बसवलं. १९५३-५४ ची गोलमटोल शेव्हरोले. आणि एक विनंती : एखादी गाडी मूळ रंगासकट, मूळ इंजिनासकट टिकून राहिली असेल तर तिच्यावर कटर चालवू नका. अपघातात पुढून ठोकलेली, इंजिन हरवलेली, तळाचा पत्रा गेलेली गाडी या कामाला उत्तम. नाहीतरी पुढचा सांगाडा कापायचाच आहे.

इंजिनांपैकी एकाच वस्तूजवळ जरा थांबतो, कारण ती कुठून आली हे कळल्याशिवाय तिचं अप्रूप कळत नाही. गॅसरच्या बोनेटमधून वर आलेला तो पन्हाळी पडलेला ॲल्युमिनियमचा डबा म्हणजे जीएमसीचा ६-७१ ब्लोअर. आकड्याचा अर्थ सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ क्युबिक इंच. हे माप मात्र ब्लोअरचं नव्हे, ज्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनावर तो यायचा त्याचं. दोन-स्ट्रोक डिझेलला आपली हवा आपण ओढता येत नाही, म्हणून जळका धूर ढकलून ताजी हवा भरायला त्याच्या कुशीत हा ब्लोअर असायचा. ट्रक, बस, युद्धातल्या उतरण-नौका, सगळीकडे हीच इंजिनं. युद्धानंतर ती भंगारात आली आणि कुणीतरी तो डबा उचलून पेट्रोल इंजिनाच्या डोक्यावर ठेवला, पुढून पट्टा जोडला आणि वर स्टुअर्ट हिलबॉर्न यांचं फ्युएल इंजेक्शन बसवलं. १९५१ पासून आलेलं क्रायस्लरचं हेमी इंजिन हे दडपण सोसायला पुरेसं मजबूत होतं. १९५७-५८ चं ३९२ क्युबिक इंचांचं तर त्यातलं सर्वांत लाडकं. नवा, चकचकीत, त्याच आकाराचा ब्लोअर आज विकत मिळतो. चालायला तो चांगलाच. पण जुन्या ओतीव डब्याच्या अंगावरच्या फासळ्या आणि खडबडीतपणा त्याला नसतो, आणि जाणकाराची नजर आधी तिथेच जाते.

काळाबरहुकूम बांधणी म्हणजे काय, याचं माझं उत्तर कोरडं आहे : एक तारीख ठरवा आणि तिच्यानंतर जन्मलेलं काहीही गाडीत असता कामा नये. निदान दिसता तरी कामा नये. दक्षिण-पूर्व अमेरिकेत जुन्या धर्तीच्या गॅसर आजही पळवतात, आणि त्यांच्या काही संघटनांनी १९६७ ही सीमा धरली आहे. सीमा असली की वाद कमी होतात. समजा तुम्ही सप्टेंबर १९६२ ठरवलं. मग जनरल मोटर्सच्या इंजिनावर अल्टरनेटर नको, जनरेटर हवा, कारण त्यांच्याकडे तो बदल १९६३ च्या मॉडेलपासून आला. क्रेगरची एसएस चाकं नकोत, ती १९६४ ची. उंच टनेल रॅम मॅनिफोल्ड तर नकोच, ते दशकाच्या अखेरचं. टर्बो ३५० गिअरबॉक्स १९६९ चा. चार गिअरचा बोर्ग-वॉर्नर टी-१० चालेल, जुना हायड्रामॅटिक चालेल. शेव्हरोलेचं ३५० क्युबिक इंचांचं इंजिन १९६७ मध्ये आलं, पण बाहेरून ते २८३ सारखंच दिसतं. बजेट तंग असेल तर ते घाला, जुनी व्हॉल्व्ह-झाकणं चढवा आणि गप्प बसा. मी कुणाला सांगणार नाही.

सर्वांत जास्त चुका होतात त्या रंगात. खोटा गंज, घासून उडवलेला रंग, कृत्रिम मळ, ही आजची खोड आहे. त्या काळात असा अवतार कुणी मुद्दाम केला नसता. पैसे नसलेला पोरगा राखाडी प्रायमरवर भागवायचा आणि पैसे हाती आले की रंग द्यायचा. मॅझमॅनियन यांच्या गाडीचा लाल रंग आणि क्रोम पाहायला माणसं कुंपणाशी गर्दी करायची. आणि अक्षरं हाताने काढलेली हवीत. प्लॅस्टिकच्या चिकटपट्टीतल्या अक्षराला ब्रशचा दाब नसतो, त्याची कड मेल्यासारखी सरळ येते. या एका कामासाठी पैसे राखून ठेवा आणि पाट्या रंगवणारा चांगला कारागीर गाठा.

सिनेमावर विसंबू नका हेही सांगायला हवं. १९७१ च्या ‘टू-लेन ब्लॅकटॉप’ मध्ये १९५५ ची शेव्हरोले आहे. त्यासाठी बांधलेल्या गाड्या पुढे काळा रंग देऊन १९७३ च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ मध्ये १९६२ च्या गोष्टीत वापरल्या. गाडी अफलातून आहे. पण ती १९७० मध्ये बांधलेली गाडी आहे, आणि तिची नक्कल करून खाली १९६२ लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

एका ठिकाणी काळाचा हट्ट पूर्णपणे सोडायचा : जीव वाचवणाऱ्या वस्तू. त्या काळात क्लच आणि फ्लायव्हील फुटून लोखंडाचे तुकडे पायांतून आरपार जात. १९७० मध्ये लायन्स पट्टीवर डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा गिअरबॉक्स फुटला आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. त्यानंतरच त्यांनी इंजिन चालकाच्या मागे ठेवणारी यशस्वी गाडी बांधली. म्हणून पोलादी बेलहाउसिंग, आजचे पट्टे, नीट वेल्ड केलेला रोलबार, पुढे डिस्क ब्रेक बसत असतील तर तेही. कुणी ‘हे त्या सालाचं नाही’ म्हणून हसलं तर हसू द्यावं.

मराठी वाचकाने हे पुस्तक हातात घेऊन करायचं काय, असं कुणी विचारेल. जे अमेरिकेत आहेत, डेट्रॉइटच्या आसपास नोकरीला असलेल्यांपासून कॅलिफोर्नियापर्यंत, त्यांना दोन गाड्यांचं गॅरेज आणि शनिवार-रविवार मिळाला की काम सुरू करता येईल. इथल्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकन गाड्या आपल्याला परक्या नाहीत : शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून शेव्हरोले जोडत होता, कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. पण इथे उरलेली अशी प्रत्येक गाडी आता जपायची वस्तू आहे, कापायची नव्हे. कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारखान्याच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, तोही चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, म्हणजे हौस आहे. पण सरळ एक्सलची गॅसर घेऊन तुम्ही पुण्याच्या रस्त्यावर उतरू शकत नाही, उतरूही नये.

इथल्यांसाठी माझी शिफारस टेबलावरची आहे. एकास पंचवीस प्रमाणातले प्लॅस्टिकचे संच. एएमटी कंपनीचे १९६०च्या दशकातले संच एकाच खोक्यातून मूळ, सजवलेली किंवा शर्यतीची अशी तीन प्रकारे गाडी बांधू देत. रेव्हेलने विलीसही काढली. हे संच त्याच काळात, त्याच गाड्या डोळ्यांसमोर ठेवून बनलेले, त्यामुळे कुठलं चाक कधीचं आणि ब्लोअर कसा बसतो याचा ते चांगला पुरावाही आहेत. शेवटची तीन प्रकरणं छोट्या गाडीसाठी लिहिली आहेत. बाकी सगळी मोठीला आणि छोटीला सारखीच लागू.

पुस्तकातली सर्व मापं इंच, पाउंड आणि क्युबिक इंचांत ठेवली आहेत, कारण नियमपुस्तकं तशीच होती आणि वर्गाचं भागाकाराचं गणित त्याच मापांत जमतं. सेंटिमीटरमध्ये बदलून घेण्याच्या भानगडीत पडू नका. इंचांची टेप आणा, एका कागदावर साल आणि वर्ग लिहा, तो गाडीजवळ भिंतीला चिकटवा, आणि मग पहिल्या प्रकरणाकडे वळा.